अर्धी स्ट्रिप

मेडिकलच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. दुकानदाराने रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप समोर ठेवली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "अर्धीच द्या." दुकानदाराने काही न विचारता कात्री उचलली. कर्रकन आवाज झाला आणि आजोबांनी उगाचच रस्त्याकडे पाहिलं.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. नोकरी खासगी, त्यामुळे पेन्शन नाही. जे काय हातात पडेल ते एकदाच. पुरवून पुरवून वापरा, असं सगळे सांगतात. पण कुठपर्यंत पुरवायचं, ते कुणीच सांगत नाही. किती आयुष्य उरलंय हे ठाऊक असतं, तर मीही नीट मापात कापलं असतं. लहानपणी वाकून नमस्कार केला की थोरली माणसं 'औक्षवंत हो' म्हणायची. आता तो आशीर्वाद आठवला की धडकी भरते. एखाद्याचा खरा झाला तर?

"तुमची पूर्ण ना?" दुकानदाराने विचारलं.

"पूर्ण," मी जरा मोठ्यानेच म्हणालो. माझ्या बायकोचीही गोळी तीच आहे.

घरी येऊन औषधांचा डबा उघडला. मागची स्ट्रिप एव्हाना संपायला हवी होती, पण ती अर्धी तशीच पडलेली.

"अगं, गोळ्या घेत नाहीस का?"

"घेते की. एक दिवसाआड." पोळी लाटता लाटता, मान वर न करता ती म्हणाली, "आत्तापासून सवय केलेली बरी."