घग्गरकाठचे साहेब

पुलाच्या दगडावर काठी आपटून ते म्हणायचे, "इंग्रजांचं काम आहे, मॅडम. इतिहास वाचावा लागतो!" आम्ही मान हलवेपर्यंत ते पुढे सरकत नसत.

चंडीगडमधली आम्ही काही मराठी माणसं रविवारी सकाळी घग्गर नदीच्या काठानं फिरायला जायचो. वाटेत रेल्वेचा जुना पूल, पुढे कुणा जहागीरदाराची ओसाड कोठी आणि तिची आमराई. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमचे पुढारी. नेमणूक त्यांची त्यांनीच केलेली. आम्ही त्यांना 'साहेब' म्हणायचो, कारण दुसरं काही म्हटलं तर त्यांना ऐकू यायचं नाही.

कोठीचा इतिहास दर खेपेला बदलायचा. कधी तिथे एखादी राणी कैदेत असायची, कधी कलेक्टरची मेम. "मागच्या वेळी राणी होती ना?" असं मी एकदा विचारलं. साहेब हसले. "तुम्ही डॉक्टर लोक! तुम्हाला हाडांपलीकडे काय कळणार?"

त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मागून पिशवी घेऊन यायच्या. साहेब न बघताच हात मागे करायचे आणि त्यात पाणी, टोपी, चष्मा, जे हवं ते यायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

पावसाळ्यात एकदा वर डोंगरात, कसौलीच्या बाजूला, आभाळ काळंकुट्ट झालं होतं. नदीत पाणी घोट्याएवढंच. साहेबांना पुलाच्या कमानीखाली सगळ्यांचा फोटो हवा होता.

"अहो, पाणी गढूळ झालंय. वर चला," वहिनी म्हणाल्या.

"तू फोटोत हसायचं तेवढं बघ."

लोंढा आला तो दगड गडगडवत. सगळ्यांत आधी काठावर पोचले साहेब. वरून हुकूम सोडू लागले, "घाबरू नका! हात धरा एकमेकांचे!" वहिनींचा पाय दगडांत अडकला होता आणि पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. मी आणि बँकेतल्या जोश्यांनी त्यांना कसंबसं ओढून वर आणलं. साहेबांनी विचारलं, "थर्मास गेला का?"

पुढच्या रविवारी कोठीपाशी एका नव्या जोडप्याला ते सांगत होते, "मी वर उभा राहून सूत्रं हातात घेतली, म्हणून ही वाचली."

"तुम्ही पळालात," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मी हाक मारली. तुम्ही वळून पाहिलंत, आणि पळालात."

साहेबांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. कुणी त्यांच्या बाजूनं बोललं नाही. ते एकटेच गाडीकडे चालू लागले, आणि त्यानंतर कधी आले नाहीत.

वहिनी मात्र येतात. परवा आमराईत चालता चालता त्या म्हणाल्या, "मी घरी गेले की हे विचारतात, 'माझी चौकशी कुणी केली का?'"

"मग?"

"सगळ्यांनी केली म्हणते."

आमच्यापैकी कुणीही, एकदाही, केलेली नव्हती. तेव्हाही मी केली नाही.