आधी कोप्या भिजवा

फलटण तालुक्यातल्या आमच्या गावात ऊस पेटला की लोक आधी माझ्या चुलत्याला हाक मारायचे, मग बंबाला फोन करायचे. बंब येईपर्यंत राख व्हायची. तात्या फौजेतून आलेला. पिठाची गिरणी चालवायचा आणि चार पोरं गोळा करून आगी विझवायचा. पगार नाही, विमा नाही. ओली पोती, कोयते आणि ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर, एवढंच सामान. हाक आली की गिरणी बंद करून पिठासकट पळायचा. दळणाला आलेल्या बाया म्हणायच्या, "पांढरा गेलाय, काळा येतोय बघा."

गावात सगळ्यांना माहीत असलेली आणि कुणीच न बोललेली गोष्ट सांगतो. कारखान्याची तोड लवकर मिळाली नाही की काही बागायतदार स्वतःच ऊस पेटवायचे. जळका ऊस पडून राहिला तर खराब होतो, म्हणून कारखाना तो आधी उचलतो. दरात थोडी कपात होते, पण रान मोकळं होतं.

नव्वदच्या दशकात मी ऊसतोड्यांसाठी पत्रकं वाटत फिरायचो. त्या हंगामात एका भर दुपारी दारात जीप असलेल्या एका बागायतदाराचा ऊस पेटला. तात्याबरोबर मीही गेलो. आम्ही ओल्या पोत्यांनी झोडपत होतो, तर मालकाचा पोरगा बांधावरून म्हणतो, "तात्या, दमानं घ्या. अर्धाच जळला तर पंचाईत हुईल."

तात्या झोडपतच राहिला. तेवढ्यात वारं फिरलं. बांधाच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या, म्हणजे पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या. माणसं दुसऱ्या फडात तोडीला गेलेली. टँकर वळेपर्यंत धान्य, वाकळा, सगळं गेलं. खुंट्याला शेळी बांधलेली होती. तिचं दावं तोडायला तात्यानं जाळात हात घातला. शेळी वाचली नाही. हात भाजले.

दुसऱ्या दिवशी त्याच ऊसतोड्यांना तोच जळका ऊस तोडायला लावला. आधी तोच!

मी पत्रक लिहिलं आणि सहीसाठी तात्याकडं नेलं. तो पट्ट्या बांधलेले हात पुढं करून म्हणाला, "सही कशानं करू रं गड्या?"

"आवं तात्या, अंगठा द्या."

"अंगठा तरी कुठं ऱ्हायलाय?" मग खाली बघत म्हणाला, "आग कुणी लावली ते इचारत बसलो, तर पळायला कोण ऱ्हाईल?"

मला लय राग आला. तोंडावर बोललो, "तुमच्या गप्प बसण्यानंच त्यांचं फावतंय." काकीनं मला घराबाहेर काढलं.

पुढच्या हंगामात त्याच मालकाचा ऊस पुन्हा पेटला. हाक आली. तात्या गेला आणि टँकर थेट कोप्यांकडं नेला. मालक जीपमधून उतरून ओरडला, "आवं, तिकडं ऊस जळतोय आन तुमी पाचाट भिजवताय व्हय?"

"ऊस उद्या कारखान्यात जाईल," तात्या म्हणाला. "ह्यांनी कुठं जायाचं?"

त्या दिवशी एकही कोपी जळली नाही. नंतर टँकरला कुलूप लागलं, किल्ली सरपंचाकडं गेली आणि तात्याला हाका येणं थांबलं. आता कुणाचं दळण अर्धवट राहत नाही. शिवारात धूर दिसला की तात्या गिरणीच्या दारात येऊन वारं बघतो. ते कोप्यांकडं असलं, तर एकटाच ओलं पोतं घेऊन पळतो. एका पोत्यात किती कोप्या भिजतात, ते जीपवाल्यांनी सांगावं.