नशीब म्हटलं की एक फेरी

आमच्या खो-खोच्या टीममध्ये बारा मुली आहेत. त्यातल्या अकरा जणी एकाच वेळी बोलतात. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांचं सगळं माझ्याकडे साठत जातं. भूमितीच्या वहीची मागची पानं भरली, तेव्हा लक्षात आलं की किस्से पुष्कळ झालेत. त्यातले हे थोडे.

*

आमचा सराव उमेळ्याच्या मैदानावर सकाळी सहाला असतो. शिकवतात नमिताताई. पूर्वी त्या स्वतः खेळायच्या, आता वालीवच्या एका कंपनीत पॅकिंगला आहेत. सव्वासातला त्यांची कंपनीची बस येते. तोपर्यंत त्या आमच्या.

पहिल्याच महिन्यात स्नेहाचा हात पळणाऱ्या मुलीच्या पाठीपासून वीतभर लांब राहिला. ती म्हणाली, "माझं नशीबच खराब आहे, ताई."

"मैदानाला एक फेरी मार."

स्नेहा धापा टाकत परत आली.

"आता पुन्हा हात लाव," ताई म्हणाल्या. "बघू, नशीब तिथेच आहे की थोडं सरकलं."

तेव्हापासून नियमच झाला. नशीब म्हटलं की एक फेरी. 'लक' म्हटलं तरी एक. इंग्रजीला सवलत नाही.

*

आमची कॅप्टन रिद्धी. ती उमेळ्याचीच. तिच्या पप्पांची भाजीची वाडी आहे आणि माल पोचवायला छोटा टेम्पो आहे. जूनमध्ये ते टेम्पो घेऊन थेट मैदानात आले आणि ताईंना म्हणाले, "बाई, यंदा हिची दहावी हाय. जिल्ह्याच्या टीममध्ये नाव आलं तर खेळनं चालू. नाय आलं तर बंद. पुढचं हिचं नशीब."

आम्ही सगळ्या रिद्धीकडे बघत होतो. ती बुटाची नाडी बांधत होती. बांधलेलीच नाडी सोडून परत बांधत होती.

ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, एक फेरी."

नियम काय ते स्नेहाने त्यांना सांगितलं. पप्पांनी जरा विचार केला. मग ते टेम्पोत बसले, भेंडीच्या क्रेटसकट हळूहळू मैदानाला एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाले, "झाली. आता माझ्या भेंडीला उशीर झाला, त्याची फेरी कोन मारनार?"

*

नियम ताईंनाही लागू झाला. एकदा बोलता बोलता सात वीस झाले. ताईंनी रस्त्याकडे पाहिलं. बस अजून आलेली नव्हती.

"नशीब माझं," त्या म्हणाल्या.

बारा जणींनी ताईंकडे पाहिलं. कोणी नजर हलवली नाही. ताईंनी पर्स माझ्या हातात दिली, ओढणी कमरेला बांधली आणि पळाल्या. त्या मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात असताना बस आली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी रिद्धीने विचारलं, "ताई, कंपनीत काही बोलले का?"

"लेट मार्क दिला."

"कारण काय लिहिलंत?"

"शिस्त."

*

मी टीममध्ये सगळ्यात कच्ची. म्हणून रिद्धी संध्याकाळी सायकलवरून आमच्या बिल्डिंगमध्ये यायची. पार्किंगमधले दोन पिलर म्हणजे आमचे खांब. मधल्या स्कूटर म्हणजे बसलेल्या मुली. त्यांच्यामधून ती मला नागमोडी पळवायची आणि स्वतः मोबाइलवर सेकंद मोजायची.

आमचे वॉचमनकाका चार दिवस नुसतं बघत राहिले. पाचव्या दिवशी टॉर्च घेऊन आले.

"बेटा, इतने दिन से ढूँढ रहे हो. सोने का था क्या?"

*

जिल्ह्याची निवड विरारला होती. मुली खूप, म्हणून तीन-तीन मिनिटांचेच डाव ठेवले होते आणि निवड फक्त पळण्यावरून होती. पळणाऱ्या मुली तिघी-तिघी आत जातात. आतल्या तिघीही बाद झाल्या, की मगच पुढच्या तिघी. पहिल्या तिघींत मी होते. रिद्धी दुसऱ्या तिघींत.

माझ्याबरोबरच्या दोघी पन्नास सेकंदांत बाद झाल्या. उरले मी. मी बाद झाले की रिद्धी आत येणार होती. ते मला कळत होतं. तिलाही कळत होतं.

"गार्गी, खांबाकडे!" रेषेबाहेरून ती ओरडली. मी खांबाकडे वळले. "आता मधून!" मी मधून निघाले. एकदा मी पाय जरा जड केला. मुद्दामच. दुसऱ्या कोणाला समजलं नसतं.

"पाय उचल," रिद्धी म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही.

मी पाय उचलला.

शिट्टी वाजली. डाव संपला होता आणि मी आतच होते. पहिल्या दोघी बाद झाल्यापासून मी एकटी दोन मिनिटं दहा सेकंद पळाले होते. रिद्धी रेषेबाहेर उभी होती, तिथेच. ताई निवड समितीच्या टेबलापाशी जाऊन बराच वेळ बोलल्या. पण मागे आणखी सहा टीम थांबल्या होत्या.

दुपारी यादी लागली. माझं नाव होतं. रिद्धीचं नव्हतं.

तिचे पप्पा गेटपाशी उभे होते. त्यांनी यादी आधीच वाचली असावी, कारण नावाचं काही विचारलं नाही. रिद्धीच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "किती वेळ पळालीस?"

रिद्धीने बाटली आधी माझ्याकडे केली.

"आम्ही दोन मिनिटं दहा सेकंद पळालो, पप्पा."