मंगळवारच्या फाइलमधले रिकामे रकाने

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे सांगताना घरची मंडळीच मला दुरुस्त करतात. पण चाकण पट्ट्यातलं लाकडाच्या दरांचं प्रकरण मला वारासकट आठवतं, कारण त्यात मी एका निरपराध बाईला अटक करण्याच्या बेतात होतो. नाव कुणाचंच सांगणार नाही. माझी चूक मात्र सांगणार आहे.

आधी धंदा समजून घ्या. आमच्याकडच्या कंपन्यांचे सुटे भाग लाकडी पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या चौकटींवर, आणि खोक्यांत भरून बाहेर जातात. ही पॅलेट बनवणारे छोटे शेडवाले शेकड्यानं आहेत. त्यांचा निम्मा खर्च लाकडाचा, आणि लाकडाचा दर दर आठवड्याला हलतो. संत तुकाराम नगरात राहणाऱ्या एक ताई वखारींतून हे दर गोळा करून दर मंगळवारी सकाळी ईमेलनं फाइल पाठवायच्या. वर्षाची वर्गणी भरायची, फाइल घ्यायची. ताईंनी पूर्वी एका पॅकिंग कंपनीत खरेदी विभागात अठरा वर्षं काढली होती. कंपनी बंद पडल्यावर हे काम सुरू केलं. घरात म्हातारी आई, मुलगी इंजिनिअरिंगला, आणि घर या वर्गणीवर चालायचं. अशा कामात भांडवल एकच असतं, लोकांचा विश्वास. तो गेला की दुकान बंद.

एका सोमवारी माझ्या ठाण्यात निनावी फोन आला. "दराची फाइल काढणारी बाई व्यापाऱ्यांकडून पैसे खाते. तळेगावला फ्लॅट घेतलाय, बघा जरा." ठाणे अंमलदारानं नोंद केली. असले फोन रोज येतात, आम्ही सोडून दिला. पण त्याच आठवड्यात गुरुवारी सात जण तक्रार अर्ज घेऊन हजर. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून आमच्याकडे त्या दिवशी गर्दी ठरलेली. सगळे पॅलेटवाले. पुढारी होता लातूरकडचा एक गृहस्थ, पंधरा वर्षांपूर्वी हातात करवत घेऊन आलेला आणि आता स्वतःची शेड असलेला. कष्टाळू माणूस, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नसे.

"काय सांगू साहेब, आमचं पार वाटोळं केलं की त्या बाईनं!" असं म्हणून त्यानं दोन कागद माझ्यापुढे ठेवले. दोन्ही एकाच मंगळवारच्या फाइलच्या छापील प्रती. एक याची, दुसरी याच्या तळेगावच्या मेहुण्याची. पाईनच्या, म्हणजे बंदरावरून येणाऱ्या परदेशी लाकडाच्या, दरात घनफुटामागे तीस-पस्तीस रुपयांचा फरक. मेहुण्याच्या कागदावर कमी, याच्या कागदावर जास्त. "आम्ही फाइलच्या दरानं माल घेतो. बाईनं दोन फायली काढल्या. व्यापाऱ्याचं चांगभलं केलं, आमचं तेल काढलं."

कागद हातात आला की आम्हा पोलिसांना बरं वाटतं. मूळ ईमेल कुठंय, हे विचारायचं मला सुचलं नाही. आणि टीप आधी आली, तक्रार मागून, हेही खटकलं नाही. तक्रार व्हायच्या आत जो माणूस पोलिसांना आरोपीचं नाव सांगतो, त्याच्याकडे आधी बघायचं असतं. हे मी नव्या उपनिरीक्षकांना शिकवायचो, आणि स्वतःच विसरलो.

शुक्रवारी ताईंना बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसवली आणि चौकशी सुरू केली. बाई शांत होत्या, पण हातातला रुमाल सारखा घट्ट पिळत होत्या. या सात जणांच्या फाइलमध्ये जास्त दर कसा आला? "माहीत नाही." हे सात जण तुमचे वर्गणीदार आहेत का? "काही जण दोन-तीन जणांच्या नावानं मिळून भरतात. यादी बघून सांगते, आत्ता नक्की सांगता येणार नाही." कुणाशी वैर? "माहीत नाही." मी मनात मोजत होतो. अर्ध्या तासात अकरा वेळा 'माहीत नाही'. माझ्या अनुभवानं लगेच निकाल दिला, बाई लपवते आहे. मग मी तो जास्त दराचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो जेमतेम मिनिटभर पाहिला आणि म्हणाल्या, "ही फाइल माझी नाही."

"कशावरून?"

"यात सगळे रकाने भरलेत. माझ्या फाइलमध्ये असं कधी होत नाही. तीन वखारींत प्रत्यक्ष सौदा झाल्याचं कळलं नाही, तर मी तो रकाना रिकामा सोडते."

मला ते पळवाट काढल्यासारखं वाटलं. दर सांगायचे पैसे घ्यायचे आणि रकाना रिकामा सोडायचा, हा कुठला धंदा? मी त्यांना मंगळवारी पुन्हा हजर राहण्याची नोटीस दिली. अटकेच्या टिपणाचा कच्चा मसुदा जबाब लिहिणाऱ्या रायटरकडून तयारही करून घेतला. बाहेर पडताना ताई दारात थांबल्या.

"साहेब, मंगळवारी सकाळी माझे वखारींना फोन असतात. फाइल गेली नाही तर लोक समजतील, चोर होती म्हणून पळाली. मी सकाळी लवकर येते. तुमच्यासमोर बसून फोन केले तर चालेल का?"

मी चटकन होकार दिला. कारण पुढे सांगतो.

मंगळवारी साडेसहाला ताई दुचाकीवर आल्या. लॅपटॉप, एक वही, पाण्याची बाटली. माझ्या केबिनमध्येच बसल्या आणि फोन स्वतःहून स्पीकरवर लावला. वखारवाले पहाटेच गाड्या भरतात, त्यामुळे सगळे जागे. पहिली वखार एका कच्छी शेठची. "बोला ताई. बाभूळ दोन रुपये वर. निलगिरी होती तिथेच. पाईन लिहू नका, बंदरावरून गाडीच नाय आली, सौदा कसला?" दुसरा म्हणाला, "ताई, तुमच्याबद्दल काहीबाही ऐकतोय. खरंय का?" ताईंनी वहीचं पान उलटलं. "चौकशी चालू आहे, शेठ. आंब्याचा दर सांगता का?" त्यानं दर सांगितला. नऊ वखारी झाल्या. पाईनचा सौदा एकाकडेही नव्हता. मला राहवलं नाही.

"अहो, मागच्या आठवड्याचा दर टाका की. कोण बघतंय?"

ताईंनी वहीतून मान वर केली. "साहेब, तुम्ही मागच्या आठवड्याचा जबाब या आठवड्याच्या तारखेनं लिहिता का?"

महिला हवालदार खिडकीकडे बघू लागली. तेहतीस वर्षांच्या नोकरीत ते पाप मी केलेलं होतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

आठ वाजता फाइल गेली. पाईनपुढे रकाना रिकामा. मी स्वतः पडद्यावर पाहिला.

अकरा वाजता मी त्या सातही जणांना बोलावून घेतलं. "आजची फाइल आली का? मोबाइलवर दाखवा." सगळ्यांनी मोबाइल काढले. सातही फायलींत पाईनपुढे दर होता. चांगला भरघोस. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. "कुणी पाठवली ही? आणि वर्गणीची पावती दाखवा बघू."

लातूरकर, ज्याचं तोंड कधी मिटत नसे, तो टेबलावरचा पेपरवेट न्याहाळत बसला. आमचा जुना हवालदार राजगुरुनगरच्या बाजूचा, माणसं ओळखण्यात माझा गुरू. तो दारातून म्हणाला, "साहेब, ह्यातल्या एकानं बी वर्गणी भरल्याली न्हाई. मला कवाच वास आला व्हता. फुकट ते पौष्टिक!"

मग लातूरकरानं सगळं सांगितलं. ज्या ठोक व्यापाऱ्याकडून हे सात जण पाईन घ्यायचे, तोच दर मंगळवारी त्यांना फाइल पुढे पाठवायचा. "तुम्ही कशाला वर्गणी भरता, मी पाठवतो की," म्हणाला होता. वर्षभर हे चाललं होतं. वर्गणी भरणाऱ्या मेहुण्याच्या फाइलमुळे फरक कळल्यावर हे आधी त्याच्याकडेच गेले, आणि त्यानं सल्ला दिला, "पोलिसांत जा, पण माझं नाव घेऊ नका. फुकट वापरता म्हणून तुमच्यावरच शेकेल." म्हणून सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती.

"अरे बाबांनो," मी म्हणालो, "ज्याच्याकडून माल घ्यायचा, त्याच्याकडूनच दर विचारून घेता? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात की!"

"लाज वाटत होती साहेब," लातूरकर खाली मान घालून म्हणाला. "चार पैसे वाचवायला गेलो."

व्यापाऱ्याच्या वखारीवर गेलो तेव्हा त्यानं हसत स्वागत केलं. हा माणूस मला आधी अतिशय आवडला, हे कबूल करतो. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, सगळं तोंडपाठ. एकदाही अडखळला नाही. आजच्या पाईनच्या दराबद्दल विचारलं, तर म्हणाला, "तो ताईंनीच दिलाय साहेब. आज सकाळी साडेसातला मी स्वतः फोन केला होता. पाच मिनिटं बोललो. घरी पूजा चालली होती त्यांच्या, घंटेचा आवाज येत होता."

"साडेसातला त्या माझ्या केबिनमध्ये बसल्या होत्या," मी म्हणालो.

त्यानं आधी पाणी मागितलं, मग फायली बदलल्याचं कबूल केलं. एवढं सगळं रचलेलं, आणि मला नुसतं ऐकून घ्यायचं होतं. वेळ आणि घंटा सांगितली नसती, तर कदाचित निसटलाही असता.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याच्या बोलण्यावर विसंबलो नाही. दोन पंच बोलावले, पंचनामा केला, संगणक सील करून तपासणीला पाठवला. आठ वाजता आलेली खरी फाइल आणि साडेनऊला बदलून पाठवलेली फाइल, दोन्ही त्यात होत्या. मागच्या कित्येक मंगळवारांच्याही जोड्या होत्या. तळेगावचा फ्लॅट ताईंच्या भावाचा निघाला, आणि निनावी फोन वखारीतल्या मुनिमाच्या मोबाइलवरून झाला होता. दोषारोपपत्र मी निवृत्तीच्या आधी दाखल केलं. खटला चालू आहे.

अटकेच्या टिपणाचा मसुदा मी स्वतःच्या हातानं फाडला आणि रविवारी साध्या कपड्यांत संत तुकाराम नगरला गेलो. ताईंच्या आईनं चहा केला. मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं. आणि एक सांगतो. त्या दिवशी फोन करू दिले ते दया म्हणून नाही. तुम्ही एखाद्या वखारवाल्याशी संगनमत करताना सापडाल, म्हणून."

"ते मला माहीत होतं," ताई म्हणाल्या. "म्हणून तर आले."

वर्दी चढवल्यापासून माझी लाज एवढी सभ्यपणे कुणी काढली नव्हती.

सातही पॅलेटवाले पुढच्या आठवड्यात वर्गणी घेऊन त्यांच्या दारात गेले, हे मला लातूरकरानं सांगितलं. ताईंनी वर्गणी घेतली, पण वर एक अट घातली. प्रत्येकानं दर सोमवारी आपण लाकूड कितीला घेतलं ते खरं कळवायचं, आणि घेतलं नसेल तर 'घेतलं नाही' असं कळवायचं. आता ते सात जण ताईंच्या कामाला लागले आहेत. वर्गणीदार वाढले. मुलगी तळेगावच्या एका कंपनीत कामाला लागली आहे, तरी फाइल चालूच आहे.

मी मात्र या प्रकरणानं मुळापासून हललो. आयुष्यभर मी धडाधड उत्तरं देणाऱ्याला खरा आणि 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला लबाड समजत आलो. साक्षीदाराला एखादी गोष्ट आठवत नसेल तर ती आम्हीच भरून द्यायचो. "लाल शर्टच असेल, लिही लाल." आणि मग कोर्टात उलटतपासणीत तो शर्ट टरटरा फाटायचा, साक्षीदार फितूर ठरायचा, आणि आम्ही कोर्टाला शिव्या देत परत यायचो. नोकरीची शेवटची दोन वर्षं मी रायटरला सक्त ताकीद दिली होती. माणूस 'आठवत नाही' म्हणाला, तर तेच लिहायचं.

एकदा सरकारी वकील वैतागून म्हणाले, "साहेब, तुमच्या ठाण्याचे साक्षीदार अर्धवटच बोलतात हो."

मी म्हणालो, "अर्धवट बोलतात, पण एकही फिरला नाही. मोजून बघा."

त्यांनी फायली चाळल्या, आणि पुढच्या साक्षीदाराला आत पाठवायला सांगितलं.