कुडपणच्या सव्वीस गुंठ्यांत किती वेली बसतील?

माझं माहेर निफाडकडचं आहे, एवढ्या एकाच भांडवलावर मी कुडपणला गेले. वडिलांची द्राक्षबाग आहे हे खरं, पण मी तिथे सुट्टीत घड खाण्यापलीकडे फारसं काही केलेलं नाही. हे मी आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या चिकणेकाकांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही निदान बाग बघितली तरी आहे. आमच्या गावात कुणी तेवढीपण बघितलेली नाय."

काका केमिकल कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं मुंबईत काढून आता कायमचं गावी, कुडपणला जायचं, आणि भातनाचणीऐवजी द्राक्षं लावायची असं त्यांनी ठरवलं होतं. २००८चा जानेवारी होता, जो तो वाइनबद्दल बोलत होता. नाशिकच्या एका रोपवाटिकेत त्यांनी सातशे रोपं सांगूनही ठेवली होती. राहिला होता फक्त एक प्रश्न, वेली किती अंतरावर लावायच्या? तो माझ्या वाट्याला आला. निघण्याआधी मी बाबांना फोन केला. काम कुठलं आणि कुणाचं ते धड न सांगता फक्त अंतर विचारलं. त्यांनी सांगितलं ते वहीत लिहून घेतलं, ओळींत दहा फूट, वेलींत सहा फूट.

काका आणि मी बसलो ती सकाळी सहाची एसटी ठाण्याहून सुटली आणि साडेअकराला महाडला पोचली. वडखळपर्यंत रस्त्याची कामं चालू असल्यामुळे अर्धा तास जास्त लागला. चवदार तळ्याजवळच्या एका खाणावळीत पस्तीस रुपयांत माशाचं ताट मिळतं, कुणी जाणार असाल तर एकच्या आत पोचा, नंतर कालवण पातळ होत जातं. बाजारातून आम्ही सुतळीचे दोन गुंडे, पाच किलो चुना आणि पन्नास फुटी टेप घेतली. बियाण्यांच्या दुकानदाराला काकांनी सहज विचारलं, तर तो म्हणाला, "वाइनची द्राक्षं ना? आठ बाय चार. नाशकात सगळे तेच करतात." मी वहीत दहा बाय सहाखाली आठ बाय चार लिहिलं. दुकानात बसलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले की त्यांचा भाचा सांगलीकडे आहे, तो नऊ बाय पाच म्हणतो. तेही लिहिलं.

महाडहून पोलादपूर अर्ध्या तासाचं. तिथून कुडपणला जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून हातात दोन तास जास्त ठेवा. माणशी तीस रुपये. रस्ता वळणं घेत वर चढत राहतो, आणि मग एकदम सपाटी लागते. पिवळं गवत, मधे मधे कापणी झालेली वरीनाचणीची शेतं, आणि कडेला सरळ खाली उतरलेली दरी. शाल न्यायला विसरू नका. जानेवारीत ऊन असलं तरी वारा बोचतो.

काकांचे थोरले भाऊ आबा अंगणातच उभे होते. आयुष्यभर ती जमीन त्यांनीच कसली होती. काका उत्साहाने सुतळी दाखवू लागले, तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "आधी चा घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी सुरू झाली. तुकडा अडीचशे फूट लांब होता, एका टोकाला दीडशे फूट रुंद आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम ऐंशी. म्हणजे साधारण सव्वीस गुंठे. बांधावर बसून मी हिशोब केला. दहा बाय सहाने पावणेपाचशेच्या आसपास वेली, आठ बाय चारने जवळजवळ नऊशे, नऊ बाय पाचने साडेसहाशेच्या आत. सातशेचा आकडा कशातच बसेना.

काका म्हणाले, "मग साडेआठ बाय साडेचार घ्या ना."

तसं आम्ही खरंच आखायला घेतलं. बाबा म्हणायचे ओळी उत्तर-दक्षिण असाव्यात, दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. पण इथे उतार दक्षिणेकडे, म्हणजे ओळी सरळ उतारावरून खाली, आणि पाण्याबरोबर माती जाणार. आडव्या घेतल्या तर ऊन एकाच बाजूला. शिवाय बांध वाकडे, त्यामुळे प्रत्येक ओळीची लांबी वेगळी. बांधापासून किती सोडायचं तेही मला ठाऊक नव्हतं. तीन वेळा चुना मारला, तीन वेळा पुसला. एकदा सहाशे बारा आले, एकदा सहाशे चाळीस. पाचशे नव्वद आले तेव्हा काकांनी टेप खाली टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू सगळ्या निफाडची अब्रू माझ्या हातात होती.

आबा इतका वेळ बांधावर उकिडवे बसून बघत होते. ते उठून आले, चुन्याच्या दोन रेघांमध्ये उभे राहिले.

"पोरी, एक इचारू? ह्या येलीचं पान पावसात भिजून किती दिस ऱ्हातं?"

"म्हणजे?"

"हितं जूनला पाऊस धरतो तो गणपतीपातुर उघडत नाय. धुकं तर घरात शिरतं. चुलीवर बांधलेल्या कांबळ्याला बुरा येतो. तर पान सुकंल कदी?"

काका म्हणाले, "आबा, फवारा मारतात रे त्याला."

"पावसात मारशील?"

मी वही चाळली. वहीत नुसते फुटांचे आकडे होते.

कुडपणला मोबाइलला रेंज फक्त कड्याजवळच्या एका खडकावर यायची. तिथे जाऊन बाबांना फोन लावला आणि या वेळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "छाटणीनंतर चार सरी आल्या तरी आम्ही रात्रंदिवस धावतो. केवड्याची बुरशी आली की पान राहत नाही. तिथं अंतर पाच ठेव नाहीतर पन्नास, फरक काय पडणार आहे? तू तिथं गेलीस कशाला?"

परत येऊन काकांना सांगणं हे त्या प्रवासातलं सगळ्यात अवघड काम होतं. ते चुन्याच्या रेघेवर बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "ताई, पस्तीस वर्षांनी मी काहीतरी घेऊन येणार होतो. रिकाम्या हाताने कसा येऊ?"

उत्तर आबांनी दिलं. "तुला कुणी काय आन म्हनून सांगितलं? ये की नुसता."

रोपवाटिकेला सातशेऐवजी वीस रोपं पाठवायला काकांनी दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून कळवलं. ती वीस त्यांनी घरामागे, एकमेकांपासून हवी तेवढी लांब लावली. ऑगस्टमध्ये काकूंचा फोन आला की सगळी पानं काळी पडून गळाली. काका मात्र गावीच राहिले आहेत, आणि आबांबरोबर नाचणीची लावणी करून त्यांची कंबर धरली आहे.

कुडपणला जरूर जा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. राहायची सोय कुणाच्या तरी घरीच होते, आधी निरोप पाठवावा लागतो.

मी परतले त्याला आता वर्ष होत आलं. मधे निफाडला गेले होते, तेव्हा बाबांनी ओळींमधून चालता चालता विचारलं, "त्या म्हाताऱ्याने पावसाचं काढलं नसतं, तर तू सातशे वेली आखून देऊन आली असतीस ना?"

मी नाही म्हणाले. ते पुढे निघून गेले. मी तिथेच थांबून विचार करत राहिले, आणि खरं सांगायचं तर मला अजून नक्की माहीत नाही.