द्राक्षाच्या घडाची शंका

मी नाशिकच्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचे. वर्गात प्रश्न विचारला की सगळी पोरं छताकडे बघत बसायची. तीच पोरं संध्याकाळी सायबर कॅफेत इंटरनेटवर एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकताना थकत नसत. म्हटलं, चला, आपणच तिकडे जाऊ. तिथंच वर्गाची कम्युनिटी, म्हणजे गप्पांचा गट, काढली. दिवसा फळा, संध्याकाळी शंका.

प्राचार्यांना ही थेरं वाटली. "तिथं बोलणारं एक तरी मुकं पोर दिवाळीपर्यंत वर्गात बोललं पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर बंद!"

मुकं पोर कोण, ते दोघांनाही ठाऊक होतं. सुरगाण्याहून आलेली, हॉस्टेलवर राहणारी एक मुलगी. पहिल्याच आठवड्यात ती "आमच्याकडं पाऊस लय हाय" म्हणाली, वर्ग फिदीफिदी हसला आणि तिनं तोंडाला कुलूप लावलं. कम्युनिटीवर मात्र सुसाट. तिथं सगळेच इंग्रजी अक्षरांत मराठी खरडायचे. सगळ्यांचीच भाषा सारखी भयानक, कोण कुणाला हसणार?

तिथं एक निनावी सभासदही होता. फोटोत द्राक्षाचा घड, शंका एकदम बाळबोध. एका रविवारी त्यानं विचारलं, "त्र्यंबकपासून अरबी समुद्र जवळ. मग गोदावरी बंगालच्या उपसागरापर्यंत तंगडतोड का करते?" मुलीनं लांबलचक उत्तर दिलं.

दुसऱ्याच दिवशी प्राचार्य माझ्या तासाला येऊन बसले. दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली, आणि ही पोरगी अजून गप्पच. मी दोन प्रश्न विचारले, पोरांनी छत पाहिलं. शेवटी प्राचार्यच उठले.

"गोदावरी एवढी तंगडतोड का करते रे?"

खिडकीजवळ बसलेली ती मुलगी ताडकन उभी राहिली, "सर, कालच सांगितलं ना मी तुम्हाला!"

एकच हशा पिकला. सर कानापर्यंत लाल. मी फळ्याकडे तोंड करून हसून घेतलं. मुलगी घाबरून खाली बसायला लागली.

"बसू नको," सर म्हणाले. "तिथं वाचलं, पण नीट कळलं नाही. इथं सांग."

ती अडखळत बोलू लागली. "डोंगराच्या त्या अंगाचं पाणी गुजरातकडं जातं, सर. आमचं गाव त्याच अंगाला हाय. गोदावरी ह्या अंगाला पडली. उतार इकडचा हाय, ती तरी काय करणार?"

हसायचं सोडून पोरं वहीत उतरवून घेत होती. मला इतका आनंद झाला की हातातला खडू कधी मोडला ते कळलंच नाही.

संध्याकाळी कम्युनिटीवर द्राक्षाच्या घडाचा एकच शब्द आला होता.

"कळलं."