सदस्याला हात लावायचा नाही

सभागृहातली फरशी मामा थंड पाण्याने पुसायचा. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो, हे त्याला नोकरी लागल्या लागल्याच कळलं होतं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, प्रादेशिक परिषदेतला शिपाई. आमच्या भागातले रस्ते, दवाखाने, नळाचं पाणी, कचरा, सगळं त्या एका सभागृहात ठरायचं आणि ठरायच्या आधी कुणाचं ना कुणाचं नाक फुटायचं. एकदा डांबरी रस्ता कुठून न्यायचा यावरून एका सदस्याने दुसऱ्याच्या कानाचा लचका तोडला. तो तुकडा मामानेच रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेला. "दवाखाना मात्र झकास बांधलाय त्यांनी," तो म्हणायचा, "गरज ओळखून."

सभेच्या दिवशी फेकता येईल असं काही टेबलावर राहू द्यायचं नाही, हे त्याचं मुख्य काम. काचेचे ग्लास गेले, कागदी आले. पेपरवेट कपाटात गेले. खुर्ची घालून एकाचं मनगट मोडल्यावर मामाने सगळ्या खुर्च्या बोल्टने फरशीला जखडल्या. तरीही मारामारी जुंपलीच, तर त्याने बघत उभं राहायचं. शिपायाने सदस्याला हात लावायचा नाही, लावला तर नोकरी गेली. माणसं तुडवली जायची आणि हा पाण्याचा जग धरून भिंतीशी उभा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, खोटं कशाला सांगू.

मग आई निवडून आली. सभागृहात मामा तिला बाईसाहेब म्हणायचा आणि घरी आम्ही त्यावरून दोघांची यथेच्छ टर उडवायचो.

हसणं संपलं ते कचरा डेपोवरून. ट्रकांचा मालक असलेल्या एका सदस्याला, त्याला सगळे ठेकेदारच म्हणायचे, डेपो आमच्या विहिरींच्या वरच्या अंगाला हवा होता. पाऊस झाला की सगळी घाण थेट आमच्या पिण्यात. आई विरोधात होती आणि एका मताने इकडचं तिकडे होणार होतं. परिषदेत मत द्यायचं ते बसल्या जागेवरून, हात वर करून. जागा सोडली की मत गेलं.

त्या दिवशी मी वरच्या सज्जात, प्रेक्षकांच्या बाकावर होते. अध्यक्षांनी मतदान पुकारलं आणि ठेकेदार दोन माणसं घेऊन आईच्या खुर्चीशी आला. एकाने केस धरून ओढलं, दुसऱ्याने कमरेला हात घातला. आईने खुर्चीच्या दांड्याला मिठी मारली. खुर्ची जागची हलेना. तेव्हा ठेकेदाराने तिची बोटं धरली आणि एकेक करून उलटी वाकवली. तो आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. आई ओरडली नाही आणि तिने दांडाही सोडला नाही. मग त्याने तिचा गळा धरला.

मामाने हातातला स्टीलचा जग त्याच्या तोंडावर हाणला. दात सांडले. ठेकेदार खाली पडला तरी मामा थांबला नाही. गुडघा त्याच्या छातीवर ठेवून मारतच राहिला, जगाचा पार चेंदामेंदा होईपर्यंत. ठेकेदाराचा चेहरा ओळखू येईना. मला आनंद झाला, आजही होतो. त्या गोंधळात आईने लोंबणाऱ्या बोटांचा हात वर केला. अध्यक्षांनी मतं मोजली आणि डेपो फेटाळला गेला.

ठेकेदाराची माणसं गप्प बसणार नव्हतीच. भावाने मारहाण करून बहिणीला मत मिळवून दिलं, दोघांचा हा कटच होता, मतदान रद्द करा, असा त्यांनी कल्ला केला. पुढच्या सभेत पहिला विषय मामाच्या बडतर्फीचा होता. अध्यक्षांनी आईला स्पष्टच सांगितलं, "भावाची बाजू घेतलीत तर कट खरा ठरेल. मतदान पुन्हा घ्यावं लागेल."

मामी घरी आली. "वन्सं, तुमच्यासाठीच मारलं ना त्यांनी?"

"हो," आई म्हणाली. "म्हणूनच मला गप्प बसता येणार नाही."

निर्णय होईपर्यंत मामा कामावरच होता. त्या दिवशीही त्याने टेबलं पुसली, आईपुढे पाणी ठेवलं आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. बडतर्फीच्या बाजूने कोण, असं अध्यक्षांनी विचारलं. सगळ्यात आधी वर गेला तो आईचा प्लास्टरमधला हात. मामाने बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला. डेपोचा विषय पुन्हा कुणाला काढता आला नाही. आईचं बरोबर होतं आणि मला तिचा भयंकर राग आला.

संध्याकाळी ती मला घेऊन त्याच्या घरी गेली. मामाने आम्हाला बसायला सांगितलं.

"नोकरीचं राहू दे," तो म्हणाला. "हात वर करताना एकदा माझ्याकडे बघायचं तरी होतंस."

"बघितलं असतं तर हात वर गेला नसता, दादा."

मामा उठून आतल्या खोलीत गेला. आई वाट बघत बसली. शेवटी मामीनेच आम्हाला दारापर्यंत सोडलं.